'भारताचा ऊस गोड करणारी बाई' एवढीच जानकी अम्माल यांची ओळख आहे का?

दरवर्षी ४ नोव्हेंबर जवळ आला की एक पोस्ट फिरायला लागते. साडीतल्या एका बाईंचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि खाली एक ओळ, की भारतातला ऊस गोड करणारी शास्त्रज्ञ ती हीच. आपण लाइक करतो, स्टोरीला टाकतो आणि पुढच्या रीलकडे वळतो.

उसाचं नाव निघालं की महाराष्ट्रात कान टवकारले जाणारच. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही ऊसवाल्या शेतकऱ्याला विचारा, शेतात कुठली जात लावलीय? 'को ८६०३२' हे उत्तर बऱ्याचदा मिळेल. यातलं 'को' म्हणजे कोईमतूर. तमिळनाडूतल्या त्या ऊस संशोधन केंद्रात तयार झालेल्या जातींना हे नाव लागतं. आणि जानकी अम्माल यांनी याच केंद्रात काही वर्षं काम केलं होतं. त्यामुळे पोस्ट खरी वाटते.

पण तारखा लावून बघितल्या की गडबड लक्षात येते. कोईमतूरचं केंद्र सुरू झालं १९१२ मध्ये. तिथले सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा संकर जंगली उसाशी केला आणि 'को २०५' ही गाजलेली जात १९१८ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. तेव्हा जानकी जेमतेम विशीत होत्या आणि शिकत होत्या. त्या कोईमतूरला आल्या १९३४ मध्ये.

मग त्यांचं काम काय होतं? ते एका कॅप्शनमध्ये बसत नाही, म्हणून बहुतेक त्याची पोस्ट होत नाही. त्यांनी आयुष्यभर झाडांच्या पेशींमधली गुणसूत्रं मोजली, म्हणजे क्रोमोसोम मोजले. ती एकमेकांशी जोडी कशी जमवतात, जमली नाही तर काय होतं, हे पाहिलं. आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना याच मोजणीचा उपयोग एक जंगल वाचवायला केला.

आज त्यांची गोष्ट नीट समजून घेऊ.

थलश्शेरीचं भरलेलं घर

एडवलेत कक्कट जानकी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा. गाव थलश्शेरी, म्हणजे तेव्हाचं तेल्लिचेरी. आज हा भाग उत्तर केरळात येतो, तेव्हा मद्रास प्रांतात होता. वडील दिवाणबहादूर ई. के. कृष्णन सब-जज होते. दोन लग्नांतून त्यांना १९ मुलं. घरात माणसांचा राबता आणि घराभोवती बाग. वडिलांना निसर्गाचं वेड. बागेची निगा ते स्वतः राखायचे, मलबारच्या पक्ष्यांवर त्यांनी लिहिलंही होतं. जानकींना झाडापानांची गोडी लागली ती याच घरात.

त्यांच्या आईचे वडील इंग्रज अधिकारी होते आणि आजी मल्याळी. कुटुंब तिय्या जातीचं. त्या काळच्या जातीच्या उतरंडीत हा समाज खालचा मानला जायचा. म्हणजे शिक्षण, पद, पैसा सगळं असूनही समाजात मोजमाप वेगळंच व्हायचं. पुढे आयुष्यभर संकरित झाडांचा अभ्यास करणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या घरातच दोन जगं एकत्र आली होती.

त्यांच्या बहिणींची लग्नं एकेक करून लागत गेली. जानकींचंही ठरत होतं. त्यांनी लग्नाऐवजी कॉलेज निवडलं. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजमधून पदवी, मग १९२१ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजमधून वनस्पतिशास्त्रात ऑनर्स. त्यानंतर मद्रासच्याच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमध्ये शिकवायला लागल्या. त्या काळात एका मुलीसाठी हेच खूप होतं. पण त्या तिथे थांबल्या नाहीत.

अमेरिका आणि १९ गुणसूत्रांचं झाड

मिशिगन विद्यापीठात आशियातल्या मुलींसाठी बार्बर शिष्यवृत्ती होती. ती मिळवून जानकी अमेरिकेला गेल्या. एक किस्सा त्यांच्या घरचे सांगतात. न्यूयॉर्कच्या बंदरावर त्यांना अडवून ठेवलं गेलं. रेशमी साडी, लांब केस बघून अधिकाऱ्यांना वाटलं की ही कुठलीतरी भारतीय राजकन्या आहे. जानकींनी तो गैरसमज दूर करायचा फारसा प्रयत्न केला नाही म्हणतात!

मिशिगनमधून त्यांनी आधी मास्टर्स केलं, भारतात परतल्या, पुन्हा गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी घेतली. अमेरिकेतून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तिथे त्यांनी वांग्याचा एक संकरही तयार केला. लोक त्याला 'जानकी ब्रिंजल' म्हणायला लागले.

प्रबंधाचा विषय मात्र निकँड्रा नावाचं एक साधंसं झाड होतं. वांगी-टोमॅटोच्याच कुळातलं, निळसर फुलांचं. या झाडाच्या पेशीत साधारण २० गुणसूत्रं असतात. पण काही रोपांत १९ च सापडतात. एक गुणसूत्र कमी म्हणजे झाड मरायला हवं ना? ते मरत नाही. पुढे १९४५ मध्ये जानकी आणि त्यांचे सहकारी डार्लिंग्टन यांनी यातली गंमत मांडली. १९ गुणसूत्रांच्या बिया उशिरा रुजतात. म्हणजे एकाच झाडाच्या बियांतल्या काही लगेच उगवणार, काही मातीत वाट बघत पडून राहणार. एखादं वर्ष वाईट गेलं तरी सगळं बियाणं एकदम संपणार नाही.

शेतकरी सगळं बियाणं एकाच पावसावर टाकत नाही, हे झाडही तेच करतं. आणि ते समजतं कशावरून? गुणसूत्रं मोजण्यावरून.

थोडं थांबून: गुणसूत्रांची जोडी आणि परागकण

पुढची गोष्ट कळायला शाळेतलं जीवशास्त्र जरा आठवावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात आणि ती साधारणपणे जोडीने असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. माणसात २३ जोड्या, मक्यात १०.

झाडाला परागकण तयार करायचे असतात, तेव्हा ही संख्या निम्मी करावी लागते. त्यासाठी आधी प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधतं, त्याला चिकटतं आणि मग दोघं दोन दिशांना जातात. नेमकी निम्मी वाटणी होते. अशा वाटणीतून तयार झालेला परागकण भरलेला, टपोरा आणि कामाचा असतो.

आता समजा दोन वेगळ्या जातींचा संकर झाला. एकीकडून आलेल्या गुणसूत्राला दुसरीकडे जोडीदारच नाही. मग ते एकटं भरकटतं. कधी या बाजूला जातं, कधी त्या. काही परागकणांना जास्त गुणसूत्रं मिळतात, काहींना कमी. असे बरेचसे परागकण पोकळ निघतात. झाड दिसायला धडधाकट, फुलंही भरपूर, पण बी धरत नाही.

याचं रोजचं उदाहरण तुमच्या घरात आहे. केळं. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. एकूण ३३. तिघांत जोडी कशी लावणार? म्हणून त्या केळ्यात बी नसते आणि लागवड मुनव्यांपासून करावी लागते.

परागकण कसे आहेत हे बघायची एक सोपी पद्धत आहे. फुलातले पराग काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर अॅसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. भरलेले परागकण लाल होतात. पोकळ असतात ते फिके, चुरगळलेले राहतात. शंभरातले किती लाल, एवढं मोजलं की त्या झाडाच्या पुढच्या पिढीचा अंदाज येतो.

आपल्याकडे केळी लावणारा माणूस आहे. डोंगरातल्या एखाद्या दुर्मीळ झाडाला असा कुणी नसतो. एका कड्यावर त्याची शे-दोनशे रोपं उरली आणि परागकणच पोकळ असतील, तर वरून हिरवं दिसणारं ते झाड आतून संपत आलेलं असतं. त्याला वाचवायला दुसऱ्या डोंगरावरची रोपं आणून लावली आणि दोन्हींची गुणसूत्रसंख्या वेगळी निघाली, तर पुढची पिढी वांझ निघण्याचा धोका असतो. म्हणून आधी मोजायचं, मग हात लावायचा.

कोईमतूर: उसाचं गणित

अमेरिकेहून आल्यावर जानकींनी १९३२ ते १९३४ त्रिवेंद्रमच्या महाराजा सायन्स कॉलेजात प्राध्यापकी केली. मग कोईमतूरला पेशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या.

उसाची गुणसूत्रं मोजणं ही डोकेदुखी आहे. जाड, गोड उसात ८० गुणसूत्रं असतात. त्याचा जंगली भाऊ म्हणजे काश गवत, नदीकाठी पांढरे तुरे घेऊन डुलणारं. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'मध्ये भावंडं आगगाडी बघायला ज्या गवतातून पळतात, ते हेच. त्याच्यात कुठे ४०, तर कुठे थेट १२८. जागा बदलली की आकडा बदलतो.

गोड ऊस नाजूक असतो. त्याला रोग लवकर लागतात, थंडी-दुष्काळ सोसत नाही. काटकपणा येतो तो काशकडून. म्हणजे नवी जात बनवायची तर या जंगली गवताची ओळख हवी. जानकींनी ती करून दिली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या काशच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. ही जंगली जात मूळची भारतातली असावी, या मताला त्यांच्या कामाने आधार मिळाला.

त्याहून धाडसी काम होतं ते दूरच्या नात्यांतले संकर. त्यांनी उसाचा संकर इतर गवतांशी आणि चक्क मक्याशी केला. ऊस-मका संकराची नोंद १९३८ मध्ये 'नेचर'मध्ये आली. या संकरातून शेतकऱ्याला लगेच नवी जात मिळणार नव्हती. पण गुणसूत्रं किती लांबच्या नात्यापर्यंत एकत्र नांदू शकतात, हे त्यातून कळत होतं. पुढे ऊस सुधारणाऱ्यांना हीच माहिती लागणार होती.

म्हणजे पोस्टमधली ओळ अगदीच खोटी नाही, पण अर्धवट आहे. उसाला काटक आणि गोड करणारी पहिली पावलं त्यांच्या आधीच पडली होती. ती पावलं कशामुळे योग्य पडली आणि पुढची कुठे टाकायची, हे सांगणाऱ्यांत जानकी होत्या.

या कामाची दखल लवकर घेतली गेली. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस सुरू केली. पुढच्याच वर्षी जानकी तिच्या फेलो झाल्या. पण रोजचं वातावरण वेगळं होतं. त्या अविवाहित, जातीच्या उतरंडीत खालच्या, आणि सगळे सहकारी पुरुष. या सगळ्याचा त्यांना त्रास झाला, असं त्यांच्यावर लिहिणारे अभ्यासक सांगतात.

बॉम्ब पडत होते आणि त्या मोजत होत्या

ऑगस्ट १९३९. एडिनबरोमध्ये जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. जानकी तिथे गेल्या आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्या तिकडेच राहिल्या.

लंडनजवळ मर्टनला जॉन इन्स नावाची उद्यानशास्त्राची संस्था होती. १९४० पासून त्या तिथे काम करू लागल्या. लंडनवर जर्मन विमानांचे हल्ले चालू होते. रात्री बॉम्ब पडायचे, सकाळी त्या प्रयोगशाळेत हजर. त्यांच्या सोबतीला एक खारही होती. भारतातून साडीच्या घोळात लपवून आणलेली, नाव कपोक. ती बरीच वर्षं तिथे राहिली, असं सांगतात.

याच काळात त्यांनी सिरिल डार्लिंग्टन यांच्यासोबत एक प्रचंड काम हाती घेतलं. शेती, बाग, जंगल, औषध, जिथे जिथे माणूस वनस्पती वापरतो, तिथल्या हजारो वनस्पतींची गुणसूत्रसंख्या एका ठिकाणी आणायची. १९४५ मध्ये 'क्रोमोसोम अॅटलस ऑफ कल्टिव्हेटेड प्लँट्स' छापून आला. नकाशात जसं गाव शोधतात, तसं झाड शोधायचं आणि त्याचा आकडा बघायचा. कुठल्या दोन झाडांचा संकर बी धरेल आणि कुठला वांझ जाईल, याचा पहिला अंदाज इथूनच. वनस्पतींची पैदास करणाऱ्यांनी हे पुस्तक पुढे कित्येक वर्षं हाताशी ठेवलं.

मॅग्नोलिया आणि हिमालय

युद्ध संपल्यावर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यांना विस्लीच्या बागेत बोलावलं. तिथे पगारी नेमणूक मिळालेल्या त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ.

इथे त्यांचं हत्यार होतं कोल्चिसिन. एका केशरासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या कंदातून मिळणारं हे विषारी द्रव्य गाऊट या सांधेदुखीवर औषध म्हणूनही वापरलं जातं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारी जी यंत्रणा असते, ती कोल्चिसिन बंद पाडतं. गुणसूत्रं दुप्पट होतात, पण पेशी एकच राहते. परिणाम काय? झाडाची पानं-फुलं बऱ्याचदा जाड आणि मोठी होतात. आणि जोडीदार नसलेल्या वांझ संकरात हे केलं, तर प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचीच प्रत जोडीदार म्हणून मिळते. परागकण पुन्हा भरू शकतात.

जानकींनी मॅग्नोलियाच्या रोपांवर हा प्रयोग केला. कोबस जातीच्या मॅग्नोलियात ३८ गुणसूत्रं असतात, ती ७६ झाली. त्यातलं एक झाड आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. विस्लीच्या बॅटलस्टन टेकडीवर त्यांनी लावलेली झाडं फुलतात.

पण त्यांना फक्त मोठी फुलं नको होती. निसर्गात हे दुप्पट-तिप्पट होणं आपोआप कुठे होतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर त्यांना डोंगरात मिळालं. हिमालयातल्या कॅम्पबेली या मॅग्नोलियात ११४ गुणसूत्रं आहेत, म्हणजे ३८ च्या तिप्पट. ऱ्होडोडेंड्रॉनचीही तीच कथा. उत्तराखंडच्या ट्रेकमध्ये दिसणारा लाल बुरांश याच घराण्यातला. त्याच्यात २६ गुणसूत्रं. पण याच घराण्यातल्या बारीक, खवलेदार पानांच्या गटात, विशेषतः हिमालय आणि पश्चिम चीनच्या उंच भागांत, ही संख्या दुप्पट आणि त्याहून जास्त झालेली दिसते. जानकी आणि सहकाऱ्यांनी हे १९५० मध्ये मांडलं.

पुढे त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं. हिमालयाच्या कोरड्या वायव्येपेक्षा थंड-दमट ईशान्येकडे अशी झाडं जास्त दिसतात. कारण ईशान्य भारतात भारतीय, चिनी आणि मलायी अशा तिन्हीकडच्या वनस्पती एकत्र येतात. तिथे नैसर्गिक संकर होतात, नव्या जाती घडतात. म्हणजे ते डोंगर झाडांचा नुसता साठा नाहीत, तिथे नवी झाडं घडत असतात. असा डोंगर गेला की पुढे येऊ शकणाऱ्या जातीही त्याच्यासोबत जातात.

नेहरूंचं बोलावणं आणि शिलाँगजवळचं जळालेलं झाड

१९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या निमंत्रणावरून जानकी भारतात परतल्या. काम होतं भारतीय वनस्पती सर्वेक्षण, म्हणजे बीएसआयची नव्याने उभारणी. १८९० मध्ये सुरू झालेली ही संस्था मरगळली होती. शिवाय इंग्रजांच्या काळात इथल्या झाडांचे असंख्य नमुने लंडनच्या क्यू बागेत गेले होते. आपल्याच देशातलं झाड ओळखायला परदेशात जावं लागायचं. जानकींना हे बदलायचं होतं. १९५२ मध्ये त्यांची विशेष अधिकारी म्हणून नेमणूक झाली. पुढे अलाहाबादच्या मध्यवर्ती वनस्पती प्रयोगशाळेच्या त्या संचालक झाल्या.

पण सगळं मनासारखं झालं नाही. संस्थेच्या प्रमुखपदी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आले. ते मूळचे स्पेनचे. पश्चिम घाटाच्या वनस्पतींवरचं त्यांचं काम मोठंच आहे. पण त्यांची पद्धत नमुने गोळा करून नावं लावायची, आणि जानकींना हवी होती पेशीपर्यंत जाणारी तपासणी. या नेमणुकीने त्या दुखावल्या, असं त्यांच्यावर लिहिणारे सांगतात.

याच काळातली एक घटना त्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या परिषदेत सांगितली. माणसाने पृथ्वीचा चेहरा कसा बदलला, हा त्या परिषदेचा विषय. सहभागी झालेल्यांत त्या एकट्याच महिला होत्या.

शिलाँगपासून ३७ मैलांवर मॅग्नोलिया ग्रिफिथी या जातीचं एक झाड होतं. आसामच्या त्या भागात तेवढं एकच उरलेलं. जानकी ते बघायला गेल्या. पोहोचल्या तेव्हा ते जळून गेलेलं होतं.

विस्लीच्या बागेत मॅग्नोलियांना जपणाऱ्या बाईंना स्वतःच्या देशात त्याच घराण्यातल्या एका झाडाची राख बघावी लागली. तिथून पुढे त्यांच्या बोलण्यात जंगल, आदिवासींचं वनस्पतींबद्दलचं ज्ञान आणि धान्य वाढवण्याच्या नादात होणारी जंगलतोड हे विषय वारंवार येऊ लागले.

जम्मू, ट्रॉम्बे आणि मदुरवोयल

नंतर त्या जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. काही काळ मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. १९७० मध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या आणि मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात मानद शास्त्रज्ञ म्हणून काम करू लागल्या.

शहराबाहेर मदुरवोयलला केंद्राची क्षेत्र-प्रयोगशाळा होती. तिथेच त्यांनी मुक्काम केला. औषधी वनस्पतींची बाग, मांजरं आणि सूक्ष्मदर्शक. राहणी अगदी साधी. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या ८० च्या घरात होत्या. आणि तेव्हाच शेवटची लढाई समोर आली.

सायलेंट व्हॅली

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात कुंतीपुळा नदीकाठी पश्चिम घाटातलं एक सदाहरित जंगल आहे. सिंहपुच्छ वानरांमुळे ते गाजलं. सरकारला तिथे धरण बांधून वीज निर्माण करायची होती. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने प्रकल्पाला मंजुरी दिली. धरणात सुमारे ८.३ चौरस किलोमीटर जंगल बुडणार होतं.

केरळ शास्त्र साहित्य परिषद उभी राहिली, कवयित्री सुगताकुमारी उतरल्या, शिक्षक, विद्यार्थी, पत्रकार असे सगळे बोलू लागले. हे भारतातल्या सुरुवातीच्या मोठ्या पर्यावरण आंदोलनांपैकी एक ठरलं.

जानकीही त्यात होत्या. त्यांनी आपल्याला जमतं तेच करायचं ठरवलं. सायलेंट व्हॅलीतल्या झाडांची गुणसूत्रं मोजायची.

यात ठोस मुद्दा होता. धरणाच्या बाजूचे म्हणत होते की थोडंसं जंगल जाईल, झाडं दुसरीकडे लावू. पण तिथल्या झाडांच्या पेशींत काय आहे हेच माहीत नसेल, तर दुसरीकडे काय लावणार? एकाच नावाच्या दोन झाडांत गुणसूत्रसंख्या वेगळी असू शकते, हे त्यांनी काश गवतापासून ऱ्होडोडेंड्रॉनपर्यंत पाहिलं होतं. बाहेरून सारखं दिसणारं झाड आतून वेगळं असेल, तर त्याची बदली करता येत नाही. पाण्याखाली गेलं की ते कायमचं गेलं.

नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी जानकी अम्माल यांचं निधन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. तो दिवस त्यांना बघायला मिळाला नाही. जंगल मात्र आजही उभं आहे.

आज त्यांच्या नावाने काय उरलंय?

केंद्र सरकार वनस्पती वर्गीकरणासाठी त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देतं. जम्मूतल्या वनस्पती-संग्रहाला त्यांचं नाव आहे. २०१८ मध्ये कोडाईकनालच्या एका गुलाबतज्ज्ञ जोडप्याने एका पिवळ्या गुलाबाला त्यांचं नाव दिलं. पश्चिम घाटातल्या एका पालीच्या जातीलाही.

पण सगळ्यात बोलकं नाव एका डोंगरी झाडाचं आहे. अगस्त्यमलैच्या कड्यांवर, दक्षिण पश्चिम घाटात, एक छोटं झुडूप वाढतं. तिथल्या काणी आदिवासींना ते औषधी म्हणून आधीपासून माहीत होतं. पानं पिंपळासारखी, म्हणून नाव अरयालपत्र. अरयाल म्हणजे मल्याळममध्ये पिंपळ. १९७८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्याच्यासाठी नवा वंशच मांडला आणि जानकींच्या सन्मानार्थ नाव दिलं जानकिया.

आज हे झुडूप अतिसंकटग्रस्त मानलं जातं. नंतरच्या अभ्यासात ते 'डेकॅलेपिस' या वंशात हलवलं गेलं, त्यामुळे जानकिया हे नाव मागे पडलं. जानकींना याचं वाईट वाटलं असतं असं नाही. नवा पुरावा आला की नाव बदलायचं, हीच विज्ञानाची रीत त्यांनी आयुष्यभर पाळली होती. नाव गेलं तरी झुडूप राहिलं पाहिजे, एवढंच. आणि ते राहणार असेल तर कुणीतरी त्या कड्यावर चढून त्याची उरलेली रोपं, त्यांचे परागकण आणि त्यांची गुणसूत्रं मोजत राहिलं पाहिजे.

त्यामुळे येत्या ४ नोव्हेंबरला ती पोस्ट पुन्हा समोर आली, तर शेअर जरूर करा. फक्त खाली एक ओळ स्वतःची टाका. ऊस गोड करण्याचं श्रेय बार्बर-वेंकटरामन यांनाही जातं, आणि जानकी अम्माल यांनी एका जंगलातली झाडं आतून मोजायला घेतली होती, तीसुद्धा ते जंगल बुडायच्या आत.